चारशे किलो ते चार किलो

आम्हा पशुवैद्यांच्या धंद्यात प्रगती किलोवर मोजतात. पेशंटचं वजन जितकं कमी, तितका डॉक्टर मोठा. साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमात हा नियम कुठंही शिकवत नाहीत, पण पदवी हातात पडल्या क्षणी तो लागू होतो. ४०० किलोंच्या म्हशीला औषध देणारा तो ‘ढोरांचा डॉक्टर’. ३० किलोंच्या लॅब्रेडॉरला औषध देणारा तो ‘पेट डॉक्टर’. ४ किलोंच्या पर्शियन मांजराला देणारा ‘फीलाइन कन्सल्टंट’. आणि ४० ग्रॅमच्या बजरीगर पक्ष्याची वाढलेली चोच कापून देणारा ‘एक्झॉटिक स्पेशालिस्ट’. त्याची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्याची मिळते, आणि मिळाली की लोक पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवतात.

हा नियम मी स्वतःवर प्रयोग करून पाहिला आहे. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर मी माण तालुक्यात एका दूध संघाचा डॉक्टर झालो. काही वर्षांनी ती नोकरी सोडून पुण्यात एका खासगी प्राणी रुग्णालयात लागलो. पेशंटचं वजन शंभर पटींनी उतरलं आणि नात्यागोत्यात माझं तेवढ्याच पटींनी वाढलं. ज्या मामांनी लग्नाकार्यात ‘हा गुरांकडं असतो’ अशी माझी ओळख करून देऊन मला थेट गुराख्यांत जमा केलं होतं, तेच मामा आता ‘आमचे डॉक्टर, पुण्याचे’ म्हणतात आणि व्याह्यांच्या पगला अ‍ॅसिडिटी होते का, हे फोन करून विचारतात. गावाकडं मामांच्या स्वतःच्या दोन म्हशी आहेत. त्यांच्याबद्दल मात्र ते मला विचारत नाहीत. म्हशींना ते गावातलाच डॉक्टर बोलावतात. पुण्याच्या डॉक्टरला म्हशीतलं काय कळणार?

दूध संघाच्या डॉक्टरचं ऑफिस म्हणजे त्याची मोटारसायकल. मागच्या सीटला द्रव नायट्रोजनचा कंटेनर बांधलेला, त्यात गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या, उणे १९६ अंश सेल्सिअसला. मे महिन्यात म्हसवडच्या रस्त्याला डोक्यावर अधिक ४२ आणि कमरेमागं उणे १९६, असा २३८ अंशांचा फरक सांभाळत आम्ही वाड्यावस्त्यांवर फिरायचो. गाय सकाळी माजावर आली तर संध्याकाळी भरायची, संध्याकाळी आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हे वेळापत्रक गाय नीट पाळते. मालकाचा फोन मात्र या दोन्हींच्या मधल्या वेळी, म्हणजे डॉक्टर जेवायला बसल्यावर येतो.

तिथं केसपेपर एका शब्दाचा असे.

“काय झालं?”

“खाईना.”

“कधीपासनं?”

“कवाधरनं? खाईनाच झालीय बघा.”

एवढ्यावरून पोटफुगी, ताप, दगडी, पोटात गेलेली तार की नुसता मालकाचा संशय, हे आपण ओळखायचं. पेशंट बोलत नाही, हे पुस्तकात लिहिलेलं असतं. मालकही बोलत नाही, हे दहिवडीला गेल्यावर कळतं.

त्या नोकरीत एक प्रसंग मात्र असा होता, की तो बघायला मी तिकीट काढूनही गेलो असतो. दुग्धज्वराची गाय. भरपूर दूध देणारी संकरित गाय व्याली, की रक्तातलं कॅल्शियम भसाभसा दुधात उतरतं आणि गाय बसते ती उठतच नाही. मान वळवून कुशीला टेकवलेली, कान गार, डोळे थिजलेले. घरातल्या बायका डोळ्याला पदर लावून उभ्या, आणि शेजारचा म्हातारा डाग द्यायला विळा तापवत बसलेला. कॅल्शियमची ४५० मिलीलिटरची बाटली कोमट पाण्यात ठेवायची, मानेची शीर धरायची, बाटली मालकाच्या पुतण्याच्या हातात द्यायची आणि आपण स्टेथोस्कोप लावून बसायचं, कारण कॅल्शियम घाईनं गेलं तर हृदयच थांबतं. पुतण्याला घाई असतेच. त्याला ‘खाली धर, खाली’ म्हणत म्हणत अर्धी बाटली जाते. मग गाईच्या मांड्या थरथरू लागतात. ती ढेकर देते. कोरड्या पडलेल्या नाकाडावर बारीक बारीक दहिवर फुटतं. आणि मग ती चांगलं पाटीभर शेण टाकते. त्या शेणाला गोठ्यात जमलेल्या माणसांकडून जी दाद मिळते, तशी सवाई गंधर्व महोत्सवात भल्याभल्यांच्या तानेला मिळाली नसेल. थोड्या वेळानं गाय उठून उभी राहते. म्हातारा विळा बाजूला सारतो आणि म्हणतो, “म्या म्हनलंच हुतं. सकाळपतूर उठंल.”

फी संघाच्या दूधबिलातून कापली जायची, त्यामुळं तिचा विषय कोणी काढत नसे. चहा मात्र रोख मिळायचा.

२०२२ साली लम्पी त्वचारोगाची साथ आली, तेव्हा गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचायची होती. दोन्ही विषाणू एकाच कुळातले, म्हणून शेळीची लस गाईच्याही कामी येते. हे मी एका गोठ्यात समजावून सांगितलं तर तिथले आबा म्हणाले, “शेरडाची लस गाईला? मंग माझी बीपीची गोळी बैलाला चालंल का?” त्या दिवसांत ‘आमच्या गोठ्यात पाय ठेवू नका, रोग आणाल’ आणि ‘आमच्याकडं कवा येनार?’ ही दोन्ही वाक्यं एकाच घरातून, एकाच दमात ऐकू यायची. मग दोन्हींचा मान राखून दाराबाहेरच लस टोचायची.

ही नोकरी सोडण्याची कारणं चारचौघांचीच होती. पगार, मुलांच्या शाळा, आणि बायकोचं हे म्हणणं की जेवायच्या ताटावर बसून कोणाच्या गाईची वार कशी काढली, हे सांगू नये. बायकोचं म्हणणं वाजवी होतं. मी पुण्याला आलो.

पुण्यात केसपेपरची सगळी भरपाई झाली. एका कुटुंबानं आपल्या शिहत्झूची चार पानी टाइप केलेली हकिगत आणली. वजन चार किलो, म्हणजे किलोला एक पान. कुत्रा ‘कालपासून जरा डिस्टर्ब्ड’ होता. म्हणजे काय, असं विचारलं तर ‘त्याची नजर बदललीय’ असं उत्तर आलं. सोबत मोबाइलमध्ये शीचे फोटो, तारीख-वेळेसह, आणि तुलनेसाठी मागच्या महिन्यातल्या चांगल्या शीचेही फोटो. हकिगत सांगायला आई, वडील आणि मुलगी, आणि ती दुरुस्त करायला व्हिडिओ कॉलवर सिएटलचा मुलगा. चारही पानं वाचून झाली. त्यात सोफा बदलल्याची तारीख होती, नव्या मोलकरणीविषयी कुत्र्याचं मत होतं. एकच गोष्ट नव्हती. मी विचारलं, “जेवतोय का?”

चौघंही एकमेकांकडं बघत म्हणाले, “नाही ना डॉक्टर. कालपासून तोंडच लावत नाहीये.”

म्हणजे खाईना.

इथं रजिस्टरला नाव कुत्र्याचं आणि आडनाव मालकाचं असतं. आमची रिसेप्शनिस्ट बाहेर ‘ब्रूनो गोखले!’ असा पुकारा करते आणि बाकावरचे एक निवृत्त गृहस्थ ‘हो, मीच’ म्हणत उभे राहतात. माणात गाईला नाव नसतं असं नाही, पण ते घरातल्यांपुरतं असतं. डॉक्टरला ‘तांबडी’ पुरते. इथल्या लोकांकडं स्वतःचा थर्मामीटरही असतो. रात्री अकराला फोन येतो, “डॉक्टर, १०१.५ आहे!” कुत्र्याचं अंग निरोगी असताना तेवढंच गरम असतं, गाईचंही, हे मी शांतपणे सांगतो. पलीकडून थोड्या निराशेनं ‘अच्छा’ येतं.

लसीच्या बाबतीत तर पुणेकराला फसवणं अशक्य. “सेव्हन इन वन देताय? आमच्या वरच्या फ्लॅटमधल्या कुत्र्याला नाइन इन वन दिली. आमच्याला दोन कमी का?” मी आजारांची नावं सांगून समजूत घालतो. ते ऐकून घेतात आणि म्हणतात, “ते ठीक आहे, पण त्यांच्याकडं भाड्याचा फ्लॅट आहे हो.”

आता मांजर. माणदेश म्हणजे खिल्लार बैलांचं माहेर. साडेचारशे किलोंचा, शिंगं मागं झुकलेला खिल्लार आडवा पाडायचा तर मानेला दोराचा एक फास, खांद्यामागून छातीला एक वेढा, मांडीपुढं पोटाला दुसरा, आणि मग मागून सरळ, न थांबता ओढ. कोणी ओरडायचं नाही, कोणी शेपटी पिळायची नाही. बैल पाय दुमडून अलगद बसतो. हे काम मी झोपेत करू शकतो. या आत्मविश्वासानं मी पुण्यात एका साडेतीन किलोंच्या पर्शियन मांजरीच्या बास्केटचं दार उघडलं. पुढचं मला नीट दिसलं नाही. ती आधी टेबलावर होती, मग माझ्या खांद्यावर, मग पडद्याच्या दांडीवर. माझ्या हातावर तिनं जे लिहिलं, ते आठवडाभर वाचता येत होतं. दोराची एकही गाठ मांजराला लागू पडत नाही. शेवटी रुग्णालयाच्या मुख्य मॅडम आल्या. त्यांनी खोलीतला दिवा मंद केला, सगळ्यांना गप्प बसवलं, दांडीखाली स्टूल ठेवलं, एक टॉवेल पसरून मांजरीला त्यात गुंडाळलं, आणि फक्त डोकं बाहेर ठेवून तिला माझ्यापुढं धरलं. “पुढच्या वेळी घरून निघायच्या आधी गॅबापेंटिन द्यायला सांगा,” त्या म्हणाल्या. मांजरीला की मला, हे मी विचारलं नाही.

पण खरं सांगायचं तर माझी खरी वाढ याच खोलीत झाली. खेड्यात ऑपरेशन म्हणजे उभी गाय, डाव्या कुशीत लिग्नोकेनची टोचणी, जीपचे दिवे गोठ्याकडं वळवलेले, आणि पेशंटचं मॉनिटर म्हणजे खुद्द मालक. “डाक्टर, डोळं फिरवाय लागली!” हा त्या मॉनिटरचा अलार्म. इथं पेशंटच्या घशात नळी, नळीतून भुलीचा वायू, आणि शेजारी एक पडदा, ज्यावर हृदयाचे ठोके, ऑक्सिजन आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड हिरव्या-पिवळ्या रेघांनी चालत असतो. ते सगळं मी नव्यानं शिकलो, माझ्याहून दहा वर्षांनी लहान मुलींकडून. खेड्यात औषध बाटलीनं मोजायचो, इथं ते दशांश चिन्हानं मोजतात. तिथल्या सुया पाहून इथल्या इंटर्ननी या कशाला वापरतात असं विचारलं होतं, आणि खरं उत्तर दिल्यावर त्यातली एक खुर्चीत बसली.

दातांचंच बघा. खरसुंडीच्या जत्रेत बैलाचं तोंड उघडून लोक खालचे दात मोजतात. वरच्या जबड्यात पुढं दात नसतातच. दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठही आले की बैल जुळला. दातावर वय ठरतं आणि वयावर किंमत. पुण्यात मी तेच तोंड उघडून दातांवरचं कीट काढतो, पॉलिश करतो, आणि घरी रोज ब्रश कसा करायचा याचं प्रात्यक्षिक देतो. पूर्वी दात मोजायचो, आता घासतो. पैसे घासण्यातच जास्त आहेत.

मी पुण्यात येताना मागचं सगळं विसरावं लागणार, अशी माझी समजूत करून देण्यात आली होती. ‘मोठ्या जनावरांची सवय मोडावी लागेल,’ असं मुलाखतीतच सांगितलं होतं. एके दिवशी एक जाडजूड बीगल आला. पाणी फार पितो, दोन दिवस गळून गेलाय. सगळे त्याच्या रक्ताच्या नळ्या भरण्यात गुंतलेले. मी त्याचं तोंड उघडलं आणि थबकलो. नेलपॉलिश पुसायच्या द्रवाला असतो तसला, गोडसर, नाकाला झिणझिण्या आणणारा वास. हा वास मी गोंदवल्याच्या रस्त्यावरच्या कितीतरी गोठ्यांत घेतला होता. नव्यानं व्यालेल्या दुधाळ गाईला खाद्य कमी पडलं की तिचं शरीर चरबी जाळायला लागतं आणि श्वासाला, दुधालाही हाच वास सुटतो. त्याला किटोसिस म्हणतात. काहींच्या नाकाला तो येतच नाही, माझ्या नाकाला येतो. मी म्हटलं, “मॅडम, किटोन्स बघा.” मशीननं दहा मिनिटांत माझ्या नाकाला दुजोरा दिला. बीगलला मधुमेह होता आणि तो हाताबाहेर गेला होता. गंमत अशी, की गाईच्या रक्तात साखर कमी पडते म्हणून चरबी जळते, आणि या कुत्र्याच्या रक्तात साखर ओसंडून वाहत होती पण इन्सुलिनअभावी ती वापरता येत नव्हती. एकाच वासाला गोठ्यात सलाइनमधून साखर द्यायची आणि पुण्यात इन्सुलिन. उपचार नेमके उलटे, नाक तेच. त्या दिवसापासून इंटर्नच्या मुली अवघड केस आली की मशीन चालू करायच्या आधी मला बोलावतात आणि म्हणतात, “सर, जरा वास घेता का?” माझ्या बायोडाटात हे कौशल्य कोणत्या सदरात लिहायचं, ते अजून ठरलेलं नाही.

आता किलोच्या नियमाकडं वळू, कारण त्याला अपवाद आहेत आणि शास्त्रात अपवादाकडं दुर्लक्ष चालत नाही. पहिला अपवाद घोडा. पुण्याच्या रेसकोर्सवरचा घोडा पाचशे किलोंचा, तरी त्याचा डॉक्टर आम्हा सगळ्यांच्या वर. दुसरा अपवाद कोंबडी. दोन किलोंचा पेशंट, म्हणजे नियमानं तिचा डॉक्टर मांजरवाल्याच्याही वर हवा. पण पोल्ट्रीत गेलेल्या माझ्या मित्राला कोणी डॉक्टर म्हणतच नाही. त्याचे दहा हजार पेशंट एका शेडमध्ये, सगळ्यांना औषध एकाच पाण्याच्या टाकीतून, आणि निदान करायचं तर दोन-चार मेलेले पेशंट उघडून बघायचे. सहा आठवड्यांत उरलेले सगळे बाजारात जातात, त्यामुळं ‘पुन्हा दाखवायला या’ हे वाक्य त्याच्या धंद्यातच नाही.

तेव्हा नियम सुधारावा लागतो. वजनाचा संबंध नाही. जनावर जितकं उपयोगाचं, तितका डॉक्टर स्वस्त. गाय दूध देते, बैल ओढतो, शेळी अडीअडचणीला पैसे देते, कोंबडी अंडी देते. त्यांचा डॉक्टर हा खर्चाच्या रकान्यातला. घोडा, पग, पर्शियन काहीच देत नाहीत, उलट घेतातच. त्यांचा डॉक्टर मोठा. हे आजचं नाही. जगातली पहिली पशुवैद्यकीय शाळा १७६१ साली फ्रान्समधल्या ल्याँ शहरात निघाली ती गाईगुरांना झाडून नेणाऱ्या बुळकांडीच्या धसक्यानं, पण ती काढणारे क्लोद बूर्जला होते घोडेस्वारीच्या शाळेचे प्रमुख. रोग गाईचा, मान घोड्याचा. त्या बुळकांडीचा शेवट व्हायला २०११ साल उजाडलं. देवीनंतर पृथ्वीवरून पूर्ण नाहीसा झालेला हा दुसराच रोग, आणि आमच्या धंद्यानं आजवर केलेलं सगळ्यात मोठं काम. ते कोणी केलं? गोठ्यागोठ्यांत शेण तुडवत लस टोचणाऱ्या ढोरांच्या डॉक्टरांनी. त्यांच्याबरोबर सेल्फी काढल्याचं ऐकिवात नाही.

सुधारलेला नियमही पुण्यात एका ठिकाणी अडखळला. कोथरूडमध्ये एक वृद्ध जोडपं आहे. त्यांचा पामेरियन तेरा वर्षांचा, हृदय मोठं झालेलं, रोज तीन गोळ्या. मी एकदा आजोबांना खर्चाचा अंदाज देत होतो, आडवळणानं हेही सुचवत होतो की या वयात किती करायचं ते तुम्ही ठरवा. आजोबा म्हणाले, “डॉक्टर, आमचा मुलगा अमेरिकेत. पूर्वी रविवारी फोन करायचा, तोही कधीमधी. हा आजारी पडल्यापासून रोज करतो. आधी याला बघतो, मग ‘तुम्ही कसे आहात’ विचारतो. तेव्हा जरा बघा, अजून वर्षभर तरी चालवा.” तर हिशेब असा, की माणातली गाय दिवसाला वीस लिटर दूध देते आणि कोथरूडचा पामेरियन दिवसाला एक फोन. दूध संघाला कळत नसलं तरी हेही उत्पादनच आहे. मी गोळ्यांची मात्रा पुन्हा तपासली.

आमच्या वर्गात खरी प्रगती केली ती वेगळ्याच मंडळींनी. एक जण बँकेत शेतीकर्जाचा अधिकारी झाला. तो म्हशीला हात लावत नाही, म्हशीवर कर्ज देतो. त्याच्या फायलीतली म्हैस कधी आजारी पडत नाही, फक्त थकीत होते. दुसरा विमा कंपनीत. त्याच्या लेखी जनावर म्हणजे कानातला बिल्ला. बिल्ला नाही तर दावा नाही, मग समोर अख्खी गाय मरून का पडलेली असेना. तिसऱ्यानं केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला पशुसंवर्धन आणि पशुवैद्यकशास्त्र हाच वैकल्पिक विषय घेतला, भरघोस गुण मिळवले, आणि आता परराज्यात मोठा अधिकारी आहे. इंटर्नशिपनंतर त्यानं एकाही जनावराला हात लावलेला नाही, आणि स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणा म्हणून तोच येतो. ‘मुळात मी पशुवैद्यच,’ असं भाषणात म्हणतो तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या पोल्ट्रीवाला वाजवतो.

म्हणजे पेशंटचं वजन शून्य आणि उपयोगही शून्य, हे या शास्त्राचं शिखर. ते कागदावरचं जनावर.

आणि मलाही आता शिखराचं बोलावणं आलं आहे. हिंजवडीच्या एका नव्या कंपनीला पाळीव प्राण्यांसाठी अ‍ॅप काढायचं आहे आणि त्यासाठी मुख्य पशुवैद्यकीय अधिकारी हवा आहे. पगार दुप्पट. एचआरच्या मुलीनं फोनवर सगळ्या सवलती वाचून दाखवल्या. आरोग्य विमा, मोफत कॉफी, आठवड्यातून दोन दिवस घरून काम, “आणि सर, तुम्हाला प्राण्यांना हात लावावा लागणार नाही.”

“मग पेशंट कुठं असतील?” मी विचारलं.

“डॅशबोर्डवर,” ती म्हणाली.

हे काम मी आधीच करतो, तेही फुकट, हे मी तिला सांगितलं नाही. माणातले लोक अजून मला व्हिडिओ कॉल करतात. पहिली दोन मिनिटं छत दिसतं, मग मालकाचा कान. “फोन गाईकडं करा” म्हटलं की ते तो गाईच्या तोंडाशी धरतात आणि गाय कॅमेरा चाटते. पडदाभर जीभ. त्यातून जेवढं कळायचं तेवढं कळतं, उरलेलं ‘जवळच्या डॉक्टरला बोलवा, आत्ताच्या आत्ता’ एवढ्यावर थांबतं. कारण फोनमधून गाईच्या पोटावर थाप मारता येत नाही, कानाचा गारवा लागत नाही. वास तर येतच नाही.

एचआरच्या मुलीला मी ‘विचार करून कळवतो’ म्हणालो आहे. ती दर सोमवारी आठवण करते. पण विचार करायला निवांतपणा लागतो, आणि बाहेर एक बोका आलाय, लघवी तुंबलेली, पोटात मूत्राशय चेंडूगत टणक लागतंय, मालकीणबाईंनी चौथं पान वाचायला घेतलंय. तुंबलेला बोका सोमवारपर्यंत थांबत नाही. आणि तो चांगला सहा किलोंचा आहे, म्हणजे नियमाप्रमाणं आज माझी दोन किलोंनी अधोगतीच.